रावण मेल्यानंतर रावणाची गोष्ट

युद्ध संपलेलं आहे. लंका जिंकली, सीता परत आली, राम अयोध्येच्या गादीवर बसला. गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात राज्याभिषेकानंतर ऋषिमुनी रामाला भेटायला येतात आणि रावणापेक्षा इंद्रजिताच्या वधाचंच कौतुक जास्त करतात. रामाला नवल वाटतं. बापापेक्षा पोराचं एवढं काय? तो विचारतो, आणि अगस्त्य ऋषी उत्तराची सुरुवात थेट पुलस्त्यापासून करतात. रावणाचा आजा कोण, बाप विश्रवा कोण, आई कैकसी कुठून आली, कुबेर त्याचा सावत्र भाऊ कसा, लंका आधी कुणाची होती. ज्याला आपण सहाव्या कांडात मरताना पाहिलं, त्याचं घराणं आणि बालपण सातव्या कांडात कळतं.

पुढे राम आणखी एक शंका काढतो, आणि ती फार नेमकी आहे. हनुमान एवढा बलवान होता, तर सुग्रीवाला वालीने हाकलून लावलं तेव्हा तो गप्प का बसला? वालीला त्यानेच का नाही लोळवलं? खरं तर ही शंका श्रोत्यांची आहे. रामाच्या तोंडी घातली आहे एवढंच. अगस्त्य सांगतात की लहानपणी हनुमान आश्रमांत फार धुडगूस घालायचा, म्हणून ऋषींनी त्याला शाप दिला की तुझं बळ तुलाच आठवणार नाही, कुणी आठवण करून दिली तरच आठवेल. समुद्र ओलांडायच्या वेळी जांबुवंताला हनुमानाची स्तुती का करावी लागली, हे आता कळतं. चौथ्या कांडातला प्रसंग जागचा हलला नाही, त्यातला एक शब्दही बदलला नाही, तरी त्याचा अर्थ बदलला.

पुष्कळ अभ्यासक उत्तरकांड हे मूळ काव्याला मागाहून जोडलेलं मानतात. आपल्या मराठीतही गंमत अशी की एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडातच अपुरं राहिलं आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. म्हणजे दुसरा भाग दुसऱ्याच हाताने लिहिण्याची चाल सिनेमा आणि मालिकांच्या कितीतरी आधीची आहे. आणि असा दुसरा भाग लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळते. गोष्ट पुढे न्यायला फारशी जागा उरलेली नसते. मागे मात्र भरपूर मोकळं रान असतं.

हीच युक्ती आज सगळ्यात मन लावून वापरली जाते ती ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ नावाच्या प्रकारात. सांगली-साताऱ्यातल्या घराघरांत जपानी ॲनिमे पाहणारी मुलं आता आहेत, त्यांना हा शब्द ठाऊक असतो. त्यांच्या आईवडिलांना नसतो. ही पडद्यावर वाचायची कादंबरी. मागे शाळेचं, खोलीचं किंवा गल्लीचं स्थिर चित्र. त्यावर बोलणाऱ्या पात्राचं बहुधा मांडीपर्यंतचं चित्र. खाली एक चौकट, तिच्यात एकेक वाक्य उमटतं; बटण दाबलं की पुढचं. सोबत संगीत, कधी आवाज. अधूनमधून वाचकाला विचारलं जातं की आता काय करायचं, आणि उत्तराप्रमाणे गोष्ट या नाहीतर त्या वाटेला लागते. 1992 साली जपानच्या चुनसॉफ्ट कंपनीने ‘ओतोगिरिसो’ नावाची भयकथा अशा रूपात काढली. 1996 साली लीफ या कंपनीच्या ‘शिझुकु’पासून ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव रूढ होऊ लागलं. मोठी कृती वाचून संपवायला तीस-चाळीस तास सहज लागतात.

या प्रकारात चित्रं मोजकी असतात. एका पात्राचे चार-सहा चेहरे: हसरा, रागावलेला, खिन्न, दचकलेला. तेवढ्यावर सगळी कादंबरी निभावते. दुसरा भाग निघाला की बरेचदा तीच चित्रं परत वापरतात. यात पैसा वाचवण्याचा हिशेब आहेच, पण त्यातून एक विलक्षण गोष्ट साधते. पहिल्या भागात जो हसरा चेहरा आपण सहज पाहून सोडून दिला होता, तोच, रेघही न बदलता, दुसऱ्या भागात पाहवत नाही. आता त्या हसण्याच्या मागचं आपल्याला माहीत झालेलं असतं.

चित्र थांबलेलं आणि गोष्ट चालती, ही जोडी सातारा जिल्ह्यातल्या औंधला नवी नाही. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनही करत. त्यांनी रामायणातल्या प्रसंगांची चित्रमालिका रंगवली, ती 1916 साली पुस्तकरूपाने छापून निघाली. 1938 साली त्यांनी मूळपीठाच्या डोंगरावर उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आजही पाहायला मिळतं. अशा चित्रात एकच क्षण गोठलेला असतो. धनुष्य मोडलं, किंवा कैकेयी रुसून बसली. त्याच्या आधीचं चित्रात काहीच नसतं. ते पाहणाऱ्याने आपल्या डोक्यातून आणायचं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक पान समोर धरून गातात तेव्हाही हेच घडतं. व्हिज्युअल नॉव्हेलचा दुसरा भाग पाहणाऱ्याच्या डोक्यातला हा साठा मुद्दाम बदलतो.

आता उदाहरणं सांगतो, आणि त्यात काही रहस्यं फुटणार आहेत. त्याला इलाज नाही. रहस्य झाकून दुसऱ्या भागाविषयी बोलणं म्हणजे नुसती जाहिरात होते.

कॅपकॉम कंपनीची ‘एस अटर्नी’ ही मालिका 2001 साली सुरू झाली. लेखक-दिग्दर्शक शू ताकुमी. फिनिक्स राइट नावाचा नवखा वकील, निरपराध अशिलांना वाचवतो. त्याला हाताशी धरणारी त्याची वरिष्ठ वकील म्हणजे मिया फे. पहिल्या खटल्यात ती त्याच्या शेजारी उभी असते आणि दुसऱ्या खटल्यात तिचाच खून होतो. वाचकाला ती जिवंतपणी फार थोडा वेळ भेटलेली असते: शांत, हुशार, सगळं ठाऊक असलेली गुरू. 2004 साली आलेल्या तिसऱ्या भागात ताकुमीने खटल्यांची सुरुवातच मागे नेली. पहिल्या खटल्यात वकील मिया आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे कॉलेजात शिकणारा फिनिक्स: सर्दीने बेजार, गुलाबी स्वेटर घातलेला, प्रेमात आंधळा झालेला रडका पोरगा. प्रेयसीने दिलेल्या लॉकेटचा पुरावा म्हणून उपयोग होणार असं दिसताच तो ते भर कोर्टात गिळून टाकतो. वाचक हसून लोळतो. पण त्याच वेळी पहिल्या भागातला तो हुशार वकील कुठून कुठवर आला हेही त्याला कळतं. पुढे याच भागात मियाचा अगदी पहिला खटला येतो. तो इतका वाईट संपतो की त्यानंतर बराच काळ ती कोर्टाची पायरी चढत नाही. सगळं ठाऊक असलेली ती गुरू या एका पराभवातून घडलेली होती. मेलेल्या पात्राला इथे जिवंत केलेलं नाही. तिचं मरण मात्र मागाहून महाग झालं.

यात तंत्राचा एक भाग लक्षात घेण्यासारखा आहे. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये आपण बहुधा नायकाच्या डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे त्याचा चेहरा आपल्याला क्वचितच दिसतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागात डोळे बदलले की ज्याच्या आत आपण इतके तास राहिलो, तो बाहेरून कसा दिसत होता हे पहिल्यांदा कळतं. आणि ते नेहमीच सुखाचं नसतं.

याचं सगळ्यात कठोर उदाहरण म्हणजे ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’. र्युकिशी07 या टोपणनावाच्या लेखकाने मूठभर सोबत्यांना घेऊन केलेली ही कृती 2002 ते 2006 या काळात आठ भागांत बाहेर पडली. चित्रं त्याची स्वतःची, आणि खरं सांगायचं तर काढलेली ओबडधोबड. पात्रांचे हात म्हणजे जाड हातमोजे. यात वाचकाला निवड करायला एकही जागा नाही, नुसतं वाचत जायचं. पण भागांची मांडणी अशी की वाचक सुटत नाही. पहिले चार भाग प्रश्नांचे, पुढचे चार उत्तरांचे. पुढच्या चारांना मिळून नाव दिलं ‘काइ’.

गोष्ट 1983 सालच्या जून महिन्यातली. हिनामिझावा नावाचं डोंगरातलं काल्पनिक खेडं. शहरातून नवा आलेला मुलगा, त्याच्या शाळेतल्या मैत्रिणी, आणि गावाची जत्रा. दरवर्षी जत्रेच्या रात्री गावात एक जण मरतो आणि एक नाहीसा होतो. का? तर काही वर्षांपूर्वी सरकार या खोऱ्यात धरण बांधणार होतं, सगळं गाव पाण्याखाली जाणार होतं, गावकऱ्यांनी कडवा लढा दिला, योजना रद्द झाली. मरणारे लोक कुठे ना कुठे त्या धरणाशी जोडलेले असतात. नव्या मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याने विचारलं की मैत्रिणी विषय बदलतात.

कोयनेच्या, धोमच्या, उरमोडीच्या खोऱ्यातल्या वाचकाला या गावाची ओळख करून द्यावी लागणार नाही. धरण झालं तरी आणि नाही झालं तरी त्याभोवतीची भांडणं गावात पुढच्या पिढीपर्यंत राहतात. कोण कुणाच्या बाजूला होतं, कुणी आधी मोबदला घेतला, हे पोरांसमोर बोललं जात नाही, पण पोरांना कळतं. हिनामिझावा ज्या शिराकावा-गो या खऱ्या खेड्यावरून उभं केलं, त्याच भागात शो नदीवर मिबोरो धरण 1961 साली पुरं झालं आणि काही वस्त्या बुडाल्या. लेखकाने आपल्या काल्पनिक गावात धरण होऊ दिलं नाही. त्यामुळे गाव वाचलं आणि लढ्यातला राग जिरायला जागा उरली नाही.

‘हिगुराशी’च्या दुसऱ्या भागात एक अगदी छोटा प्रसंग आहे. नायकाला बक्षीस म्हणून एक बाहुली मिळते. समोर मैत्रिणी उभ्या असतात. त्यातली एक, मियॉन, टोळीची म्होरकी, मुलग्यासारखी वागणारी, खोटं पिस्तूल लावून फिरणारी. हिला बाहुली कशाला, असं वाटून तो ती दुसऱ्या मुलीला देऊन टाकतो. मियॉन हसून काहीतरी चेष्टेत बोलते. प्रसंग संपतो, वाचक विसरतो. पुढे भयंकर खून होतात, आणि पुरावे मियॉनकडे बोट दाखवतात.

पाचवा भाग म्हणजे ‘मेआकाशी’, उत्तरांतला पहिला. तो तीच दोन आठवड्यांची कथा पुन्हा सांगतो, पण मियॉनची जुळी बहीण शियॉन हिच्या तोंडून. आणि सुरुवात करतो वर्षभर मागून. घराण्याने दूरच्या निवासी शाळेत नेऊन टाकलेली ही मुलगी पळून येते, बहिणीचं सोंग घेऊन गावात वावरते, आणि सातोशी नावाच्या एका मुलात तिचा जीव गुंततो. जत्रेनंतर तो नाहीसा होतो. घराण्यातले वडीलधारे तिला त्या प्रेमाचं प्रायश्चित्त म्हणून स्वतःच्या हाताने स्वतःची नखं काढायला लावतात. हे वाचून झालं की मग बाहुलीचा प्रसंग परत येतो. त्या संध्याकाळी मियॉन बहिणीपाशी रडली होती. ते रडणं ऐकताना शियॉनच्या मनात काय चाललं होतं, तिला कुणाचा हात आपल्या डोक्यावर हवा होता, हे आता आपण आतून पाहतो. नायकाने केलेली चूक दोन मिनिटांची. तिच्या मागे वर्षभराचा इतिहास उभा होता आणि त्याला त्याची गंधवार्ता नव्हती. आपल्यालाही नव्हती. पहिल्या वेळी आपण त्याच्याइतकेच बेफिकीर होतो.

मला हा भाग सगळ्या मालिकेत मोठा वाटतो. खुनी कोण हे यात कळतं, ते ठीक. रहस्यकथेत ते कळतंच. पण इथे खुनी कळल्यावर वाचकाला समाधान लाभत नाही. शेवटच्या भागात लेखक याहून पुढे जातो आणि सगळ्या अनर्थाच्या मुळाशी असलेल्या व्यक्तीचं बालपण सांगतो: आईबाप एका अपघातात गेलेले, अनाथाश्रमातला छळ, आणि पावसातून पळत जाऊन एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला केलेला फोन. अगस्त्यांनी रावणाचं घराणं सांगितलं तोच हा प्रकार. फरक इतकाच की रावणाची कथा ऐकून राम हळहळला असं कुठे येत नाही.

हे सगळं चालतं ते एका भांडवलावर: वाचकाची आठवण. बाहुलीचा प्रसंग ज्याला आठवत नाही त्याच्यासाठी पाचवा भाग नुसती एक दुःखी प्रेमकथा आहे. म्हणून व्हिज्युअल नॉव्हेलचा पहिला भाग इतका लांब, संथ, कधी कंटाळवाणा असतो. शाळेतल्या थट्टामस्करीची पानंच्या पानं. तिथे आठवणी पेरण्याचं काम चाललेलं असतं. संगीतही तेच करतं. पहिल्या भागात विशिष्ट जागी वाजलेली धून दुसऱ्या भागात दोन सूर वाजली की वाचकाला एक शब्दही सांगावा लागत नाही.

आणि इथे सांगलीची गोष्ट उपयोगी पडते. 1843 साली सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून अप्पासाहेबांना वाटलं की असं काही मराठीत व्हावं, आणि ते काम भाव्यांकडे आलं. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्या प्रयोगाच्याच आठवणीचा. त्या नाटकाची रचना पाहा. लिहिलेली होती ती पदं, आणि ती सगळ्या पात्रांच्या वतीने सूत्रधार गाणार. पात्रं येणार, उभी राहणार, हावभाव करणार. बोलायचं ते ऐनवेळी स्वतःच्या मनाने. राक्षस आरडाओरडा करत येणार. पुढच्या पिढीने थट्टेने ‘तागडथोम’ म्हटलं ते हेच. खाली निवेदनाची चौकट आणि वर मोजक्या मुद्रांची पात्रं, असं ज्याने पाहिलंय त्याला हा मांड ओळखीचा वाटेल.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भाव्यांना राम कोण, जनक कोण, हे धनुष्य कुणाचं, परशुरामाला एवढा राग का आला, यातलं काही समजावून द्यावं लागलं नाही. समोरच्या माणसाने हे पोथीत ऐकलेलं, कीर्तनात ऐकलेलं, आजीच्या मांडीवर ऐकलेलं होतं. जपानी लेखकाला तीस तास खर्चून जी आठवण तयार करावी लागते, ती सांगलीच्या प्रेक्षकाने घरून आणली होती. म्हणून भावे रामायणातलं हवं ते आख्यान हव्या त्या क्रमाने लावू शकले. 1851 साली अप्पासाहेब वारल्यावर भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले, 1853 साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात पोचले. तिथेही कुणी ‘मागचा भाग पाहिला नाही’ अशी तक्रार केली नाही. मराठीतल्या त्या पहिल्या नाटकाचा पहिला भाग लोकांच्या डोक्यात आधीच झालेला होता.

या तयार आठवणीचा सगळ्यात चतुर उपयोग शतकभराने, याच मुलखातल्या माणसाने केला. ग. दि. माडगूळकर माणदेशातले, शाळेची काही वर्षं औंधला, त्या चित्रकार राजाच्या गावात गेली. 1 एप्रिल 1955 रोजी पुणे आकाशवाणीवरून त्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं, वर्षाहून थोडा जास्त काळ आठवड्याला एक, अशी 56 गीतं, सुधीर फडक्यांच्या संगीतात. क्रमाने पाहिलं तर रामायणाची सुरुवात अयोध्येपासून, पुत्रकामेष्टीपासून व्हायला हवी. माडगूळकर सुरुवात करतात ती शेवटाजवळून: यज्ञ चालू आहे, दोन मुलं रामाच्या समोर रामाचंच चरित्र गाताहेत, ऐकणाऱ्याला ठाऊक नाही की गाणारे आपलेच मुलगे आहेत. म्हणजे पुढची सगळी गीतं एका अर्थी भूतकाळ आहेत, पुढच्या पिढीने मागच्या पिढीला सांगितलेला. आणि शेवटचं, 56वं गीत कुणाचं? वाल्मीकींचं, ते लव-कुशांना रामापुढे जाऊन काय आणि कसं गायचं हे सांगतात. काळाच्या हिशेबाने शेवटचं गीत पहिल्याच्या आधी घडतं. वर्षभर ऐकून श्रोता शेवटाला पोचतो आणि दारातून बाहेर पडतो तो पहिल्या गीताच्या उंबऱ्यावर. आता पहिलं गीत पुन्हा ऐकलं तर त्या दोन मुलांना कुणी पाठवलं, त्यांची आई कुठे आहे, हे सगळं त्या सुरांत येऊन बसलेलं असतं.

जपानी ‘स्टाइन्स;गेट’ 2009 साली आली आणि तिचा ‘झीरो’ भाग 2015 साली. पहिल्या भागाच्या शेवटाकडे नायकाला भविष्यातल्या स्वतःकडून एक संदेश मिळतो आणि त्यामुळे तो जिंकतो. हा संदेश पाठवणारा, हरलेला, थकलेला नायक त्या क्षणापर्यंत कसा पोचला, एवढीच ‘झीरो’ची कथा. तिचा शेवट पहिल्या भागात आधीच येऊन गेलेला आहे. बांधणी चोख आहे. पण गीतरामायण ऐकत वाढलेल्या माणसाला तिचं फार अप्रूप वाटू नये.

बापाची कथा आधी सांगावी की नंतर, हा या सगळ्यातला नाजूक प्रश्न. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी 1959 सालच्या ‘फकिरा’त आधी सांगितली. गावासाठी जोगणी आणायला गेलेला राणोजी जिवाला मुकतो, आणि मग त्याच्या पोराची, फकिराची कथा सुरू होते. त्यामुळे फकिरा पुढे जे जे करतो त्यावर बापाची सावली पहिल्यापासून असते. वाचक त्याच्यासोबत उभा असतो, त्याच्याविषयी एकदाही साशंक होत नाही. अण्णाभाऊंना तेच हवं होतं.

‘की’ या कंपनीच्या 2004 सालच्या ‘क्लॅनाड’मध्ये क्रम उलटा आहे. नायक तोमोया आणि त्याचा बाप यांचं पटत नाही. बाप दारुडा, जुगारी. एकदा भांडणात पोराचा खांदा कायमचा अधू झालेला, त्याचं बास्केटबॉल संपलं. शाळेच्या पहिल्या भागात आपण पोराच्या बाजूने असतो आणि बापाचा रागच करतो. मग ‘आफ्टर स्टोरी’ नावाचा उत्तरभाग. तोमोया मोठा होतो, लग्न होतं, बायको बाळंतपणात जाते, आणि तो मुलीला सासू-सासऱ्यांकडे टाकून पाच वर्षं तिच्याकडे फिरकत नाही. पुढे एका प्रवासात त्याची आजी त्याला फुलांच्या माळावर भेटते आणि त्याच्या बापाची हकीकत सांगते: त्याचीही बायको तरुणपणी गेली, लहान पोराला घेऊन तो तिथे आला होता, पोराला वाढवण्यापायी नोकऱ्या गेल्या, मित्र गेले, सगळं गेलं. हे पहिल्या भागात सांगितलं असतं तर वाचकाने बापाला लगेच माफ केलं असतं आणि त्या माफीला किंमत उरली नसती. तोमोया स्वतः बाप म्हणून नापास झाल्यावरच ते सांगण्यात अर्थ होता. ‘फकिरा’त बापाचं मरण पोराला बळ देतं. इथे बापाचं जगणं पोराला लाज आणतं, आणि तेही उशिराच.

अर्थात दर दुसऱ्या भागात हे साधत नाही. बहुतेकदा काय होतं? खलनायकाला एक दुःखी बालपण चिकटवतात, विनोदी पात्राला हरवलेला भाऊ, आणि गंभीर पात्राला जळालेलं घर. वाचलं, बरं वाटलं, विसरलं. कारण त्या माहितीने आधी पाहिलेल्या एकाही कृतीचा अर्थ हललेला नसतो. मियाचा पहिला पराभव कळला की तिचं शांत वागणं बदलतं. शियॉनची नखं कळली की बाहुली बदलते. हनुमानाचा शाप कळला की जांबुवंताचं बोलणं बदलतं. बालपणीच्या आवडीनिवडी, रक्तगट, वाढदिवस यांनी भरलेल्या उत्तरभागांचा जपानी बाजारात तोटा नाही. चाहते ते विकत घेतात, कंपन्या काढतात, आणि त्यात कुणाचं फार नुकसानही नाही.

काही जागा मुळात मोकळ्याच ठेवायच्या असतात, हेही आहे. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’त तिघांना आळीपाळीने बोलतं केलं: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये प्रत्येक पात्राची स्वतंत्र वाट असते आणि सगळ्या चालून झाल्याशिवाय पूर्ण गोष्ट हाती लागत नाही, तसंच इथे. ययातीने स्वतःविषयी सांगितलेलं देवयानीच्या तोंडून ऐकलं की त्याचा चेहरा बाहेरून दिसतो. पण कचाला खांडेकरांनी निवेदक केलं नाही. तो सगळ्यांच्या बोलण्यात आहे, स्वतःच्या तोंडाने स्वतःची बाजू मांडत नाही. ‘रेन’पाय’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, 2004 सालापासून जगभरच्या हौशी लोकांनी त्यावर व्हिज्युअल नॉव्हेल केल्या आहेत. उद्या सांगलीतल्या एखाद्या मुलीने ‘ययाति’ पडद्यावर आणली आणि ती गाजली, तर दुसऱ्या भागासाठी पहिला आग्रह कचाचाच होईल. त्याचं देवयानीवर खरंच प्रेम होतं का, हे त्याच्या मनात शिरून सांगा, म्हणतील. तिने ऐकू नये. कचाचं मन उघडलं की देवयानीचा राग लहान होतो, आणि कादंबरी त्या रागावर उभी आहे.

त्या मुलीने पूरूकडे जावं. शर्मिष्ठेने लपवून वाढवलेला हा मुलगा, ज्या बापाचा सहवास त्याला कधी लाभला नाही त्याला आपलं तारुण्य देतो. ते देणं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. महाभारतात पाहिलं, खांडेकरांत पाहिलं, शाळेच्या धड्यातही पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ‘केवढा हा त्याग’ म्हणून पान उलटलं. त्या होकाराच्या आधीची वर्षं पूरूच्या तोंडून सांगणारा दुसरा भाग निघाला, तर मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.